खेळातील सुरांचा शिल्पकार : कोजी कोंदो

संगीत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मैफल येते, देवळातील भजन येते, नाट्यगृह किंवा चित्रपटगृह येते. या सर्व ठिकाणी गाणारा किंवा वाजवणारा एका बाजूला असतो आणि ऐकणारा दुसऱ्या बाजूला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मात्र संगीताला एक नवे घर मिळाले. ते घर म्हणजे व्हिडिओ गेम. येथे ऐकणारा स्वस्थ बसलेला नसतो. त्याच्या हातात बटणे असतात, पडद्यावरचे पात्र त्याच्या बोटांच्या हुकमाने धावते, उडी मारते, पडते. आणि संगीताला त्याच्या मागोमाग जावे लागते.

१९९०च्या दशकात भारतातील अनेक घरांत दूरचित्रवाणी संचाला जोडायचे खेळाचे यंत्र आले होते. लाल टोपी आणि झुपकेदार मिशा असलेला मारिओ नावाचा नळकारागीर त्यातून अनेकांच्या परिचयाचा झाला. तो खेळ सुरू होताच वाजणारी उसळती धून ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ती आजही गुणगुणता येईल. परंतु ती कोणी रचली, असे विचारले तर बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. तिच्या रचनाकाराचे नाव आहे कोजी कोंदो. त्यांची कारकीर्द कशी घडली, खेळासाठी संगीत रचणे म्हणजे नेमके काय आणि ही विद्या त्यांनी इतरांना कशी दिली, हे या पाठात आपण समजून घेणार आहोत.

जडणघडण

कोजी कोंदो यांचा जन्म १९६१ साली जपानमधील नागोया या शहरात झाला. वयाच्या पाचव्या वर्षापासून ते इलेक्ट्रॉनिक ऑर्गन शिकू लागले. हे पेटीप्रमाणे पट्ट्या असलेले, पण विजेवर चालणारे वाद्य होय. पुढे जॅझ आणि रॉक या पाश्चात्त्य प्रकारांतील प्रसिद्ध गाणी वाजवणाऱ्या एका वाद्यवृंदात त्यांनी साथ केली. दुसऱ्याचे गाणे कानाने टिपून घ्यायचे, ते आपल्या वाद्यावर बसवायचे आणि इतर वादकांशी जुळवून घ्यायचे, हे शिक्षण त्यांना तेथे मिळाले.

उच्च शिक्षणासाठी ते ओसाका कला विद्यापीठात गेले. तेथेही त्यांचा विभाग कलानियोजनाचा होता; अभिजात संगीतरचनेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी निन्टेंडो या कंपनीकडून विद्यापीठाकडे एक सूचना आली. संगीतरचना आणि ध्वनीचे काम करणारी माणसे कंपनीला हवी होती. कोंदो यांनी अर्ज केला आणि १९८४ साली ते तेथे रुजू झाले.

निन्टेंडोची स्थापना १८८९ साली क्योतो शहरात झाली. आरंभी ही कंपनी हानाफुदा नावाचे जपानी पत्ते तयार करीत असे. १९८३च्या जुलै महिन्यात तिने फॅमिकॉम हे घरगुती खेळाचे यंत्र जपानी बाजारात आणले आणि ते लवकरच लोकप्रिय झाले. तोवर खेळातील आवाज ही दुय्यम बाब मानली जाई. गोळी सुटल्याचा, गुण मिळाल्याचा, डाव संपल्याचा आवाज आला की पुरे, अशी समजूत होती आणि असे आवाज पुष्कळदा तंत्रज्ञच तयार करीत. केवळ संगीतरचनेवर लक्ष देणारा माणूस म्हणून कोंदो यांची झालेली निवड हे बदलत्या काळाचे चिन्ह होते.

त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक काम विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. फॅमिकॉमला टंकफलक जोडून तिच्यावर साध्या आज्ञावली लिहिण्याची सोय निघाली होती. लोकप्रिय जपानी गाणी या यंत्रावर कशी वाजवावीत, हे सामान्य माणसाला समजावे म्हणून एक मार्गदर्शक पुस्तिका हवी होती. ती तयार करण्याचे काम कोंदो यांच्याकडे आले. म्हणजे जगाला त्यांच्या धुनी ठाऊक होण्यापूर्वीच, यंत्राला गायला कसे लावावे, हे शिकवण्याचे काम त्यांनी केले होते.

चार आवाजांचा संसार

फॅमिकॉममधील ध्वनिनिर्मितीची साधने अतिशय तुटपुंजी होती. त्या यंत्रात आवाजासाठी पाच स्वतंत्र मार्ग होते. प्रत्येक मार्गातून एका वेळी एकच आवाज निघू शकत असे. पहिल्या दोन मार्गांतून काहीशा टोकदार, पिपाणीसारख्या आवाजात सूर काढता येत. तिसऱ्याचा आवाज मऊ होता. पण तो लहानमोठा करण्याची सोय नव्हती, म्हणून त्याचा उपयोग बहुधा खालच्या पट्टीतील आधारसुरासाठी होई. चौथ्यातून केवळ खरखर निघे. ती खरखर अगदी क्षणभर वाजवून थांबवली की तालवाद्याचा भास होई. पाचवा मार्ग ध्वनिमुद्रित आवाजाचे छोटे तुकडे वाजवण्यासाठी होता. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळात तो वापरलेलाच नाही. थोडक्यात, दोन पिपाण्या, एक आधारसूर आणि एक खरखर एवढ्या वाद्यवृंदावर कोंदो यांना भागवायचे होते.

जागेचीही टंचाई होती. चित्रे, नियम, संगीत असे सर्व मिळून हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइट एवढ्या जागेत बसवलेला होता. तुम्ही वाचत असलेला हा पाठ आजच्या संगणकावर साठवला, तर त्यालाही जवळपास तेवढीच जागा लागेल. त्यामुळे रचना लहान ठेवणे, तुकडे पुन्हा वापरणे आणि एकही सूर वाया न घालवणे भाग होते.

आणखी एक अडचण होती. मारिओने उडी मारली किंवा नाणे घेतले की त्याचा आवाज यायला हवा. तो आवाज याच चार मार्गांपैकी एखाद्यातून काढावा लागे. तेवढ्या क्षणापुरता संगीतातील एक सूर मुका होई. उरलेल्या सुरांवर धून तोलून धरावी लागे. ऐकणाऱ्याला ही पोकळी जाणवत नाही, याचे श्रेय रचनेच्या भक्कम बांधणीला आहे. साथीदारांपैकी एक जण मध्येच उठून गेला तरी गाणे ढळू नये, तशी ही बांधणी आहे.

पावलांना साथ

तमाशातील ढोलकीवाल्याचे उदाहरण घेऊ. त्याची नजर नर्तिकेच्या पावलांवर असते. पाऊल थबकले की त्याची थाप थबकते. पाऊल वेगात आले की त्याची बोटेही वेग घेतात. मूकपटांच्या काळात चित्रपटगृहातील पडद्याजवळ बसून पेटी आणि तबला वाजवणारे कलावंतही चित्राकडे पाहतच वाजवीत. बोलपट आल्यावर चित्रपटाचे संगीत पक्के मुद्रित होऊ लागले. अमुक प्रसंग दोन मिनिटांचा, म्हणून त्याचे संगीत दोन मिनिटांचे, असा हिशेब बसला.

खेळाच्या संगीतकाराला हा हिशेब करता येत नाही. एखादा खेळाडू एक टप्पा अर्ध्या मिनिटात ओलांडेल. दुसरा तेथेच दहा वेळा पडेल. त्याने ढोलकीवाल्यासारखे पावलांकडे पाहिले पाहिजे, पण ती पावले त्याला दिसत नाहीत. कारण खेळ कोणाच्या तरी घरी, कधीतरी नंतर खेळला जाणार असतो. म्हणून खेळाडू काय काय करू शकेल याचा आधीच विचार करून संगीताला तशी सोय करून ठेवावी लागते. खेळाच्या संगीतरचनेचे मर्म येथे आहे.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’साठी कोंदो यांनी पूर्णावस्थेला न आलेल्या खेळाचा नमुना पाहून रचना सुरू केली. खेळ जसजसा आकाराला आला, तसतसे आपले संगीत मारिओच्या धावण्याशी जुळत नाही, असे त्यांना जाणवू लागले. तेव्हा त्यांनी त्याची लय वाढवली आणि खेळून पाहणाऱ्यांच्या प्रतिसादानुसार त्यात आणखी फेरफार केले. जमिनीवरची धून उसळती आहे. कारण तेथे मारिओ सारखा धावतो आणि उड्या मारतो. पाण्याखाली तो संथपणे तरंगतो. तेथे तीन मात्रांच्या झोक्यावर चालणारे संगीत येते. भुयारात थोडे सूर आणि बराच काळ शांतता आहे. त्यामुळे अंधार आणि धोका जाणवतो. दिलेला वेळ संपत आला की तीच धून एकाएकी जलद होते. पडद्यावरील आकड्याकडे न पाहताही खेळाडूला घाई करावीशी वाटते. संगीत येथे शोभेसाठी नाही. ते खेळाडूला माहिती देते आणि त्याच्या बोटांना लय देते.

१९८६ साली ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा खेळ आला. त्याच्या आरंभी फ्रेंच रचनाकार मॉरिस रॅव्हेल यांची ‘बोलेरो’ ही प्रसिद्ध रचना वाजवावी, असा कोंदो यांचा बेत होता. परंतु खेळ प्रसिद्ध होण्याच्या सुमारास त्या रचनेच्या स्वामित्वहक्काची मुदत अद्याप संपलेली नाही, असे लक्षात आले. हाताशी वेळ नव्हता. कोंदो यांनी खेळातील भटकंतीसाठी आधीच केलेली धून घेतली आणि एका दिवसात तिच्यावरून शीर्षकसंगीत उभे केले. तीच धून पुढे या खेळमालिकेची ओळख ठरली.

तीच धून, नवी रूपे

एकच धून वारंवार वाजत राहिली की कान कंटाळतो. खेळात ती वारंवार वाजणे तर अटळ असते. या प्रश्नाची उत्तरे कोंदो वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या प्रकारे शोधत राहिले.

१९९० साली निन्टेंडोच्या नव्या यंत्रासाठी ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ हा खेळ तयार झाला. आता आवाजाचे आठ मार्ग उपलब्ध होते आणि खऱ्या वाद्यांशी मिळतेजुळते आवाजही काढता येत होते. साधने वाढली, तरी कोंदो यांनी धुनींची गर्दी केली नाही. उलट एकाच धुनीला जमिनीवर, पाण्यात आणि भुयारात लय व ठेका बदलून निरनिराळी रूपे दिली. आपल्याकडे एकच चाल एकदा संथ आणि एकदा द्रुत लयीत गायली की तिचा भाव बदलतो, तसाच हा प्रकार आहे. याच खेळात मारिओ आपल्या योशी नावाच्या प्राण्यावर स्वार झाला की चालू धुनीत तालवाद्याची भर पडते आणि तो उतरला की ती थांबते. धून न तोडता तिच्यात असा बदल करणे ही त्या काळी नवी गोष्ट होती.

१९९८ सालच्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’ या खेळात एक मोठे मोकळे मैदान आहे. खेळाडूला ते अनेकदा ओलांडावे लागते. कोंदो यांनी त्यासाठी एक सलग रचना न करता आठ-आठ आवर्तनांचे अनेक तुकडे रचले. कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्यानंतर आला तरी सांधा दिसू नये, अशी त्यांची बांधणी केली. यंत्र हे तुकडे दर वेळी निराळ्या क्रमाने वाजवते. खेळाडू थांबला तर शांत तुकडे येतात. शत्रू जवळ आला तर तणावाचे. त्यामुळे मैदान तेच असले तरी प्रवास तोच वाटत नाही.

पाच स्वरांची शाळा

याच खेळात कोंदो यांनी खेळाडूच्या हाती प्रत्यक्ष वाद्य दिले. ऑकारिना हे मातीचे, पोकळ, साधारण अंडाकृती फुंकवाद्य आहे. खेळाचा नायक लिंक ते वाजवतो. यंत्रावरील पाच बटणांना पाच स्वर नेमून दिलेले आहेत. आपल्या परिभाषेत सांगायचे, तर पहिल्या स्वराला षड्ज मानल्यास ते स्वर षड्ज, कोमल गंधार, पंचम, शुद्ध धैवत आणि तार षड्ज असे येतात. एवढ्याच स्वरांतून कोंदो यांना खेळाडूला शिकवायच्या बारा धुनी रचायच्या होत्या. प्रत्येक धून सोपी हवी, लक्षात राहणारी हवी आणि दुसरीहून सहज ओळखू येईल इतकी वेगळीही हवी.

खेळाडूला या धुनी एकेक करून शिकाव्या लागतात. एक धून अचूक वाजवली की पाऊस पडतो. दुसरीने दिवसाची रात्र होते. तिसरी ऐकून दूरवरचा घोडा धावत येतो. स्वर चुकला तर काहीच घडत नाही. ऐकणे, लक्षात ठेवणे, वाजवणे, चुकणे आणि पुन्हा वाजवणे हा संगीतशिक्षणाचा जुनाच क्रम येथे खेळाच्या रूपाने समोर येतो. पुढे एक बुजगावणे खेळाडूला स्वतःची आठ स्वरांची धून रचायला सांगते आणि ती ध्यानात ठेवते. अनुकरणापासून निर्मितीपर्यंतची वाट अशी पुरी होते. ज्यांनी कधी वाद्याला हात लावला नव्हता, अशा कितीतरी मुलांनी पाच स्वरांचा परस्परसंबंध या खेळातून कानांनी जाणला असेल.

अनुभव पुढे देताना

वय आणि अनुभव वाढला, तसे कोंदो यांच्याकडे तरुण रचनाकारांच्या कामावर देखरेख करण्याची जबाबदारी आली. ‘सुपर मारिओ गॅलॅक्सी’ या २००७ सालच्या खेळाच्या वेळची हकीकत उद्बोधक आहे. त्याचे प्रमुख संगीतकार माहितो योकोता यांनी आरंभी मारिओच्या नेहमीच्या ढंगाला साजेशा हलक्याफुलक्या धुनी केल्या. कोंदो यांनी त्या स्वीकारल्या नाहीत. योकोता बरेच दिवस धडपडत राहिले. तेव्हा कोंदो यांनी त्यांना एकच गोष्ट सांगितली : मारिओ गोंडस आहे, ही समजूत मनात असेल तर ती काढून टाका. त्यांनी सूर बदलायला सांगितले नाहीत. पाहण्याची दृष्टी बदलायला सांगितली. योकोता यांनी पुढे भव्य वाद्यवृंदाचे संगीत रचले आणि कोंदो यांनीही त्यात स्वतःच्या काही रचनांची भर घातली.

त्याच वर्षी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे खेळनिर्मात्यांच्या वार्षिक परिषदेत कोंदो यांनी व्याख्यान दिले. आपल्या कामाची तत्त्वे त्यांनी तेथे तीन शब्दांत मांडली : लय, तोल आणि प्रतिसाद. प्रत्येक खेळाला स्वतःची लय असते. ती ओळखल्यावाचून संगीत बसत नाही. धून आणि इतर आवाज यांचा एकमेकांशी आणि संपूर्ण खेळाशी तोल साधला पाहिजे. खेळाडूच्या कृतीला संगीताने प्रतिसाद दिला पाहिजे. ही तत्त्वे ऐकायला सोपी वाटतात. परंतु त्यांच्यामागे दोन दशकांहून अधिक काळचा प्रत्यक्ष अनुभव होता. तो स्वतःपाशी न ठेवता त्यांनी आपल्याच क्षेत्रातील, वेगवेगळ्या कंपन्यांत काम करणाऱ्या माणसांपुढे उलगडून ठेवला.

मान्यता

खेळातील संगीताला संगीत म्हणावे की नाही, असा प्रश्न अनेक वर्षे विचारला गेला. त्याचे उत्तर हळूहळू मिळत गेले. टोकियो ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा २०२१च्या जुलै महिन्यात झाला. त्या वेळी देशोदेशींच्या खेळाडूंचे संचलन जपानी व्हिडिओ गेममधील धुनींच्या साथीने झाले. २०२३ साली अमेरिकेतील ग्रॅमी पुरस्कारांत खेळांच्या संगीतासाठी प्रथमच स्वतंत्र पुरस्कार देण्यात आला. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसने, जतन करण्यायोग्य ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय सूचीत ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची धून समाविष्ट केली. या सूचीत स्थान मिळवणारे हे व्हिडिओ गेममधील पहिलेच संगीत होय. जॉन लेनन यांच्या ‘इमॅजिन’ या जगप्रसिद्ध गीताची निवडही त्याच वर्षी झाली. दोन पिपाण्या, एक आधारसूर आणि थोडी खरखर यांतून उभी राहिलेली धून अशा मानाच्या पंक्तीला जाऊन बसली.

कोंदो यांच्या कारकिर्दीतून एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. ज्या कामाला जगाने अजून कला म्हटलेले नाही, तेही कलावंताच्या निष्ठेने करता येते. १९८४ साली ज्या पदावर ते रुजू झाले, त्या पदाला प्रतिष्ठा नव्हती. मळलेली वाट नव्हती. त्यांनी तक्रार न करता मर्यादांचा अभ्यास केला, खेळणाऱ्याच्या बोटांकडे लक्ष दिले आणि एकेका सुराचे मोल ओळखले. प्रतिष्ठा मागाहून आली. शिक्षण उशिरा सुरू करणाऱ्या किंवा कामधंदा सांभाळून शिकणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे. साधने थोडी असली, तरी ती पूर्णपणे जाणून घेतली तर त्यांतून पुष्कळ काही उभे राहू शकते.

करून पाहा

तुमच्या घरी किंवा शेजारी पेटी असेल, तर तिच्यावर षड्ज, कोमल गंधार, पंचम, शुद्ध धैवत आणि तार षड्ज एवढेच स्वर शोधून काढा. त्यांतून आठ स्वरांची एक छोटी धून तयार करा. ती दुसऱ्या दिवशी न पाहता तुम्हाला पुन्हा वाजवता आली, तर ती लक्षात राहणारी झाली, असे समजा. नंतर तीच धून संथ आणि जलद लयीत वाजवून पाहा आणि तिचा भाव कसा बदलला, ते चार-पाच वाक्यांत लिहा.